चाळिशीनंतर हाती येणारं स्टेअरिंग

वयाची चाळिशी उलटलेल्या माणसाला चारचाकी शिकायची असेल, तर शिकाऊ परवान्याच्या अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ‘नमुना १-अ’ हे त्याचं रुक्ष नाव. सरकारी रुग्णालयातल्या आमच्या ओपीडीत हा कागद घेऊन येणारी माणसं रांगेतही ओळखू येतात. ती कण्हत नाहीत, पण चेहऱ्यावर दहावीच्या परीक्षेला निघाल्यासारखा ताण असतो. मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यावर दारातली गाडी चालवायचं मनावर घेतलेल्या पन्नाशीच्या शिक्षिका असतात. आयुष्यभर एसटीनं हिंडून निवृत्तीच्या तोंडावर पहिली गाडी घेतलेले लिपिक असतात. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं म्हणून शिकायला निघालेली मुलगी असते. नवऱ्याला पक्षाघात झाला आणि घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून आलेली बायको असते.

या सगळ्यांचे प्रश्न दोनच. पहिला, ‘डॉक्टर, या वयात जमेल ना?’ आणि दुसरा, ‘सही मिळेल ना?’ पहिल्याचं उत्तर बहुतेकांसाठी ‘हो’ असंच आहे; फक्त वेळ लागेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र तपासल्याशिवाय देता येत नाही. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. शिकायला जो वेळ द्यायला हवा तो आपण देत नाही, आणि जी तपासणी करून घ्यायला हवी ती टाळून सही मागतो. म्हणून आज या दोन्ही प्रश्नांविषयी थोडं सविस्तर.

मेंदू गाडी कशी शिकतो?

पहिल्या आठवड्यात नवशिक्याची अवस्था आठवा. डावा पाय क्लचवर, उजवा पाय कधी ब्रेकवर तर कधी ॲक्सिलरेटरवर, डावा हात गिअरवर, उजवा स्टेअरिंगवर, डोळे समोर, मध्येच आरशात, आणि शेजारून सूचना चालूच. अर्ध्या तासानं उतरल्यावर दिवसभर शेतात राबल्यासारखा थकवा येतो. हा थकवा वयाचा नव्हे. एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवणारी आपली जी तात्पुरती स्मृती असते, तिच्यावर पडलेलं ते ओझं आहे.

कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल मनात म्हणून करावी लागते: क्लच दाबा, गिअर टाका, हळूहळू सोडा. दुसऱ्या टप्प्यात हालचाली एकमेकींना जोडल्या जातात आणि चुका कमी होतात. तिसऱ्यात सगळं आपोआप घडतं. गिअर कधी बदलला हे आठवतसुद्धा नाही. या प्रवासात कामाचा भार विचार करणाऱ्या पुढच्या मेंदूकडून लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडे सरकत जातो. पोळी लाटणारे हात, हार्मोनिअमवर फिरणारी बोटं आणि क्लचवरचा पाय हे सगळे याच वाटेनं तयार होतात.

ही वाट वयाबरोबर बंद होते का? याचा एक सुंदर पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला आहे. तिथे काळी टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असेल, तर चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षं लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूंचे एमआरआय सुरुवातीला आणि काही वर्षांनी काढले. २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जे ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा वाढलेला दिसला. हिप्पोकॅम्पस म्हणजे जागांची आणि वाटांची स्मृती सांभाळणारा भाग. अनुत्तीर्ण झालेल्यांत किंवा या वाटेला न गेलेल्यांत तो बदल दिसला नाही. ही मंडळी शाळकरी पोरं नव्हती, संसारी प्रौढ होती. रस्ते पाठ करणं आणि क्लच सोडायला शिकणं या गोष्टी वेगळ्या आहेत हे खरं. पण प्रौढ मेंदू सरावानं बदलतो, एवढं यातून नक्की कळतं.

वयाचा हिशेब

वय काहीच घेत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. विशीनंतर प्रतिक्रियेचा वेग हळूहळू मंदावतो. समजा, तुम्हाला ब्रेकपर्यंत पाय न्यायला तरुणापेक्षा सेकंदाचा पाचवा हिस्सा जास्त लागला. ताशी ५० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबाल त्याआधी गाडी जवळपास तीन मीटर पुढे गेलेली असेल. ही उणीव भरून काढायचा उपाय तुमच्या हातात आहे आणि तो फुकट आहे: पुढच्या गाडीपासून अंतर. पुढची गाडी ज्या खांबापाशी दिसली, तिथे तुमची गाडी पोहोचायला किमान तीन सेकंद लागले पाहिजेत. पावसात ते दुप्पट ठेवा.

डोळ्यांचा हिशेब थोडा मोठा आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जातं, हे लक्षात येत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या पडद्यावर पोहोचतो. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर सावरायलाही वेळ जास्त लागतो. म्हणून उशिरा शिकणाऱ्यानं रात्रीचा सराव सर्वांत शेवटी ठेवावा.

आता जमेची बाजू. धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. त्यामुळे अठराव्या वर्षी परवाना घेणाऱ्यांपेक्षा पोक्तपणी परवाना घेणाऱ्या नवशिक्यांचे अपघात सुरुवातीच्या काळात कमी होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. पोक्त माणूस हळू शिकतो, पण पैजा लावत नाही. आपल्याकडे आणखी एक जमेची गोष्ट आहे. चाळिशीत गाडी शिकणाऱ्या अनेक जणी वीस वर्षं स्कूटर चालवत असतात. रिक्षा कधी वळणार, बसच्या पुढून कोण धावत येणार, म्हैस कुठल्या बाजूला सरकणार, हे रस्त्याचं शहाणपण त्यांच्याकडे तयार असतं.

स्कूटरवाल्यांनी एक सवय मात्र नव्यानं लावायला हवी. आपला मेंदू वाहनाला शरीराचाच भाग मानू लागतो. स्कूटरची रुंदी अंगवळणी पडलेली असल्यामुळे गाडीची डावी बाजू ‘आपली’ वाटायला वेळ लागतो, आणि सुरुवातीचे ओरखडे बहुधा डाव्या बाजूलाच पडतात. मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारून डावं चाक बरोबर तिच्यावरून नेण्याचा सराव करा. दोन-चार सकाळी हे केलं की डावं चाक कुठे आहे ते न बघता कळू लागतं.

दहा तासांत होतं ते काय?

मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठीच्या केंद्रीय नियमांनुसार खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असायला हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास हवेत. अनेकांना हा किमान आकडा म्हणजे पूर्ण अभ्यासक्रम वाटतो. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी सरकारनं २०२१ मध्ये जे नियम केले, त्यात हलक्या वाहनासाठी २९ तास सांगितले आहेत आणि त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे आहेत. ब्रिटनमध्ये परवाना मिळवणाऱ्याचे सरासरी ४५ तास शिक्षकासोबत आणि २२ तास घरच्यांसोबत सरावात गेलेले असतात, असं तिथली परिवहन संस्था सांगते. हे आकडे शेजारी ठेवले की ‘वीस दिवस झाले, तरी मला भीती वाटते, माझंच काहीतरी चुकतंय’ या तक्रारीतला फोलपणा कळतो. तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही फक्त पहिल्या टप्प्याच्या शेवटाला आला आहात.

त्यातही त्या दहा तासांतले किती तास तुमचे? प्रशिक्षणाच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. अपघात टाळायला ते हवेतच. पण पुष्कळदा स्टेअरिंग तुमच्या हातात आणि पाय शिक्षकाचे, असाच सगळा कोर्स पार पडतो. गाडी चौकात बंद पडली नाही याचा आनंद होतो. मग घरच्या गाडीत बसल्यावर ती पहिल्याच चढावर मागे येते आणि धीर सुटतो. म्हणून दहाव्या दिवसापासून शिक्षकांना स्पष्ट सांगा, ‘सर, धोका असल्याशिवाय तुमच्या क्लचला पाय लावू नका. गाडी बंद पडली तर पडू दे.’ गाडी बंद पडणं हासुद्धा अभ्यासच आहे. लहान मेंदू चुकीतूनच हालचाल दुरुस्त करतो. ती चूक दुसऱ्यानं झाकली तर त्याला शिकायला काही उरत नाही.

सरावाची वाटणी कशी करावी, याबद्दल विज्ञान बरंच काही सांगतं. रविवारी सलग तीन तास चालवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवणं फायद्याचं. दोन सरावांच्या मध्ये झोप झाली की हालचालींची स्मृती पक्की होते. आदल्या दिवशी अडलेलं दुसऱ्या दिवशी अचानक सोपं वाटतं ते त्यामुळेच. म्हणून या दिवसांत झोपेची काटकसर नको. पाळी जाण्याच्या वयात अनेकींची झोप मोडते, रात्री घाम फुटतो, छातीत धडधडतं. त्या काळात शिकणं जड जात असेल तर दोष हिमतीला देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, या त्रासावर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट, एकच क्रिया शंभर वेळा घोटण्यापेक्षा तीन-चार क्रिया आलटून पालटून करा. दहा मिनिटं रिव्हर्स, मग चढावर हाफ क्लच, मग गल्लीतलं वळण, पुन्हा रिव्हर्स. असा मिसळलेला सराव त्या दिवशी जास्त चुकांचा वाटतो, पण आठवड्यानंतर तोच अधिक टिकलेला दिसतो. शे आणि मॉर्गन यांनी हे १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर दाखवलं, आणि नंतर ते अनेक कौशल्यांत दिसून आलं.

भीतीचं शरीरशास्त्र

भीती वाटणं हा दुबळेपणा नाही. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की ॲड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, तळहात ओले होतात. थोडा ताण उपयोगी असतो, जास्त ताण कामगिरी बिघडवतो. ताण वाढला की लक्षाचा परीघ आक्रसतो. नवशिके चालक बॉनेटच्या जवळचाच रस्ता बघतात आणि आरशांकडे कमी वेळा पाहतात, हे १९७२ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवण्यात आलं होतं. जवळ बघितलं की सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं आणि भीती आणखी वाढते. यावर साधा उपाय म्हणजे नजर लांब टाकणं. जिथे दहा सेकंदांनी पोहोचायचं आहे तिथे बघा. हात आपोआप गाडी तिकडे नेतात. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की नाडीही थोडी उतरते.

भीती घालवायला गोळी मात्र घेऊ नका. परीक्षेच्या सकाळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेणारे भेटतात. ती चिंता कमी करते, तशीच सावधपणाही कमी करते. सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं प्रीगॅबालिन यांनीही झापड येते. तुम्ही रोज जी औषधं घेता त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि ‘मी गाडी शिकतोय’ किंवा ‘शिकतेय’ हे आवर्जून सांगा.

आणि हो, शेजारी कोण बसतं यालाही महत्त्व आहे. घरच्या माणसाचा ओरडा परक्यापेक्षा जास्त लागतो. नवरा-बायकोचं भांडण आणि हाफ क्लच या दोन गोष्टी एकाच वेळी तात्पुरत्या स्मृतीत मावत नाहीत. सरावाला घरचं माणूस न्यायचंच असेल, तर चालत्या गाडीत फक्त दिशा सांगायची आणि चुकांची चर्चा गाडी थांबल्यावर करायची, हा करार आधीच करावा. शिकाऊ परवान्यावर चालवताना शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी असणं कायद्यानं बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवा.

त्या कागदावर नेमकं काय विचारलेलं असतं?

२०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. यातले बहुसंख्य मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. चालकाला अचानक आलेली भोवळ किंवा न दिसलेली बाजू यांतून होणारे अपघात त्या मानानं थोडे असतील. पण ते टाळायची वेळ कागदावर सही होताना असते, आणि तीच वेळ आपण वाया घालवतो. एजंटाच्या गठ्ठ्यातून अर्ज जातो आणि माणूस समोर न येताच प्रमाणपत्र तयार होतं, हे प्रकार कुणाला माहीत नाहीत?

अर्जासोबतच्या स्वघोषणेत (नमुना १) साधे प्रश्न असतात. फिट येते का? कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध हरपते किंवा भोवळ येते का? दिवसाच्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? हातापायांत अधूपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? हॉर्नचा आवाज ऐकू येतो का? रंगांधळेपणाच्या बाबतीत नियम २०२० मध्ये शिथिल झाले असून सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना आता परवाना मिळू शकतो.

नंबरप्लेटची चाचणी आज संध्याकाळच्या आत घरीच करून बघा. चार मीटरच्या आतल्या सहा लहान गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल, साधारण तेवढं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांनी मिळून वाचता येतं म्हणून एका डोळ्यातला मोतीबिंदू वर्षानुवर्षं लपून राहिलेले लोक आम्ही नेहमी बघतो.

मात्र या चाचणीत काचबिंदू सापडत नाही. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत छान दिसतं, पण कडेची नजर गुपचूप जात राहते. नंबरप्लेट वाचणारा माणूस डावीकडून येणारा सायकलस्वार बघू शकत नाही. म्हणून गाडी शिकायला सुरुवात करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब आणि गरज असल्यास दृष्टिक्षेत्र तपासून घ्या. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला असेल, तर कडेनं बघताना रेषा वाकड्या दिसतात. दोन-तीन आठवडे त्याची सवय होऊ द्या, मगच स्टेअरिंग हाती घ्या.

मी सही करण्यापूर्वी आणखी चार गोष्टी विचारते. मधुमेह आहे का आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे का? त्यांनी साखर एकाएकी उतरू शकते. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का आणि रात्री घोरणं फार आहे का? झोपेत श्वास अडखळण्याचा तो आजार असू शकतो. मान दोन्ही खांद्यांकडे पूर्ण वळते का? आरशात न दिसणारी जागा बघायला ती वळावी लागते. आणि डावा गुडघा क्लच दाबायला तयार आहे का?

हे प्रश्न ऐकून माणसं बिचकतात. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले होते. मधुमेह जुना, दुपारी घाम येऊन हात थरथरण्याचे प्रसंग महिन्यात दोन-तीनदा. ‘डॉक्टर, ते तेवढं लिहू नका ना,’ असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नीला पाठीच्या मणक्याचा आजार होता. रिक्षात बसणं तिला सहन होत नव्हतं, म्हणून गाडी घेतली होती. त्या दिवशी सही झाली नाही. त्यांची गोळी बदलली, जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, घरी साखर मोजायला शिकवलं. दोन महिन्यांत साखर उतरण्याचा एकही प्रसंग आला नाही, तेव्हा सही झाली. आता गाडी सुरू करण्यापूर्वी ते साखर मोजतात. ९०च्या खाली असेल तर आधी खातात, ७०च्या खाली गेली तर गाडीला हात लावत नाहीत आणि साखर सावरल्यावरही पाऊण तास थांबतात. खरं सांगितल्यामुळे त्यांचा परवाना दोन महिने लांबला, बुडाला नाही.

प्रत्येकाच्या बाबतीत असं गोड उत्तर मिळतंच असं नाही. अर्जावरून किंवा प्रमाणपत्रावरून असा आजार दिसला की ज्यामुळे गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, तर परवाना नाकारावा, असं मोटार वाहन कायदा सांगतो. फिट येणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं डॉक्टरलाही जड जातं. पक्षाघातानंतर एका बाजूचं दिसत नसेल, तर हातपाय सुधारूनही गाडी सोडावी लागते. अशा घरात मग शिकायची पाळी जोडीदाराची येते. म्हणूनच पन्नाशीतल्या बाईनं क्लासला नाव घातलं की हसू नये. तो हौसेचा विषय नसून त्या घराची दवाखान्याची सोय असू शकते.

परीक्षेचा दिवस

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तिसाव्या दिवशी धावत जायची गरज नाही. पाच महिने हाताशी आहेत, ते वापरा. चाचणी ज्या मार्गावर होते, तिथलं वळण, चढावर थांबून पुन्हा निघणं, गाडी मागे घेणं यांचा सराव आधीच्या पंधरवड्यात मिसळून करा.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. सकाळी नेहमीचा नाश्ता करा. उपाशी जाऊ नका आणि चहाचे चार कप रिचवू नका. पायात घट्ट, पातळ तळव्याची, मागे पट्टा असलेली पादत्राणं हवीत. सपाता पेडलवरून निसटतात. उंची कमी असेल तर सीट फार पुढे ओढू नका. छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे, कारण एअरबॅग उघडली तर तिला तेवढी जागा लागते. पाठीमागे आणि खाली घट्ट उशी घेऊन अंतर साधता येतं. बेल्ट आधी, आरसे मग, इंजिन शेवटी, हा क्रम ठरवून टाका. हात थरथरत असले तरी ठरलेला क्रम डोकं शांत करतो.

नापास झालात तर कायद्यानं सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा जमलं नाही तर ६० दिवस थांबावं लागतं. घरात आणि सोसायटीत चर्चा होईल, होऊ द्या. लंडनच्या त्या ७९ उमेदवारांतही निम्मे जण यशस्वी झाले नव्हते.

परवाना हातात आल्यावर

पास झालात म्हणजे साधारण दुसऱ्या टप्प्यात आलात. तिसरा टप्पा अजून पुढे आहे, आणि तो एकट्यानं केलेल्या छोट्या फेऱ्यांमधून येतो. पहिला महिना ओळखीचे रस्ते, सकाळची वेळ, गाण्यांना आणि फोनला सुट्टी. मग गर्दीचा बाजार, मग पाऊस, मग रात्र, सर्वांत शेवटी महामार्ग आणि घाट. एकेक गोष्ट वाढवा. रात्र, पाऊस आणि घाट एकाच दिवशी अंगावर घेऊ नका. आठवडाभर गाडी बंद राहू देऊ नका, कारण कच्चं कौशल्य लवकर गंजतं. वर्षभर मागच्या काचेवर ‘नवशिका चालक’ असा कागद लावलात तरी हरकत नाही. मागचे दोन हॉर्न कमी वाजतील.

परवान्याची मुदतही बघून ठेवा. तिसाव्या ते पन्नासाव्या वर्षांत काढलेला परवाना दहा वर्षं चालतो, पन्नास ते पंचावन्न या वयातला साठीपर्यंत, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. त्या वेळी ‘नमुना १-अ’ पुन्हा समोर येईल. तेव्हा तुम्ही सराईत झालेले असाल आणि सही लवकर मिळावी असं वाटेल. तरीही डॉक्टरांसमोर खुर्चीत बसा, एक डोळा झाकून तक्ता वाचा, मान वळवून दाखवा, औषधांची पिशवी टेबलावर ओता. त्या दहा मिनिटांत तुमच्या शेजारच्या सीटवर रोज जो बसतो, त्याचीही तपासणी होत असते.